विमानाला लावायचं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. तीन सिलिंडरचं, आठशे सीसीचं, छोट्या व्हॅनमधलं. जुनं म्हणजे किती, तर माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेली बहुतेक इंजिनं आज वितळून गटारांची झाकणं झाली आहेत. मी झालो नाही. का झालो नाही ते सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, मला गोड बोलता येत नाही. माझ्याबद्दल कीव वाटून घ्यायची असेल तर दुसरीकडे जा.

उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. जन्म कसला, ओतकाम. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर झोडपून बाहेर काढलं, भोकं पाडली, वर हेड बसवलं आणि पोटावर नंबर ठोकला. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या मागे दुसरं इंजिन उभं होतं, त्याच्या मागे तिसरं. आपण कुणीतरी खास आहोत असं मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं.

मी ज्या व्हॅनमध्ये बसलो ती पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या धोंडिबाने घेतली. धोंडिबा आसपासच्या शेतांतली मेथी, कोथिंबीर, शेपू भरून रोज पहाटे मार्केट यार्डात पोचवायचा. व्हॅनची मागची सीट त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकली. कंपनीने जेवढं वजन भरायला सांगितलं होतं त्याच्या दुप्पट तो भरायचा आणि वर स्वतः बसायचा, तोही काही हलका नव्हता. पण माझं पाणी आणि तेल बघितल्याशिवाय त्याने कधी चावी फिरवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बायको रुसली तर एक येळ जेवन मिळत न्हाय. ह्ये रुसलं तर मार्केट मिळत न्हाय."

आणि एक दिवस मी रुसलो. हडपसरच्या गाडीतळाच्या अलीकडे, भर रस्त्यात, खोकलो नाही की धापा टाकल्या नाहीत, एका क्षणात बंद.

काय झालं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. माझ्या पोटात एक जाड लोखंडी दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात. पिस्टन वरखाली होतात, त्या धक्क्यांनी क्रँक गोल फिरतो. क्रँकचं पुढचं टोक म्हणजे त्याचं नाक. त्या नाकावर एक दातेरी चाक बसतं, आणि ते घसरू नये म्हणून नाकाला एक खाच पाडून त्यात नखाएवढी लोखंडी चावी ठोकलेली असते. माझी ती खाच झिजली होती. चावी हलली, चाक सरकलं, माझं श्वास घ्यायचं आणि सोडायचं वेळापत्रक चुकलं. झालं. रस्त्यावर असं झालं तर चार माणसं उतरून ढकलतात. मेथी सुकते, एवढंच.

धोंडिबाने मला नाना पेठेत शंभूच्या गॅरेजला ओढून नेलं. शंभूचा हात चांगला म्हणून त्याचं नाव होतं. नवा क्रँक यायला चार दिवस लागणार होते आणि धोंडिबाला गाडी दुसऱ्या दिवशी हवी होती. शंभूने क्रँक बाहेर काढला, झिजलेल्या नाकावर वेल्डिंगने लोखंड भरलं, लेथवर घासून पुन्हा मापात आणलं आणि नवी खाच पाडली. काम इतकं सुबक केलं की बघत राहावं. मग माझ्या पोटावर, नंबराच्या खाली, पंचने दोन ठिपके मारले. स्वतः उघडलेल्या प्रत्येक इंजिनावर तो ते मारायचा. आणि धोंडिबाला सांगितलं, "नवीन क्रँक टाकलाय. जा बिनधास्त."

एवढं एक वाक्य. मी ते ऐकलं. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प.

धोंडिबाकडे ती भराई अकरा वर्षं टिकली. हे मी शंभूच्या बाजूने सांगतो, कारण ते खरं आहे. अकरा वर्षं मी शेपू ओढला. मग धोंडिबा थकला, व्हॅन विकली गेली, नव्या मालकाने ती उकिरड्यासारखी वापरली आणि शेवटी भंगारवाल्याने मला व्हॅनमधून उपटून जुन्या बाजारात फरशीवर मांडलं. एका बाजूला शिवणयंत्रं, दुसऱ्या बाजूला नळांचा ढीग. लोक मला चपलेने ढकलून बघायचे. एवढ्याशा चपलेने इंजिनाची परीक्षा होते हे मला त्या बाजारात कळलं.

तिथे एका रविवारी दीपमाला आल्या. वय अठ्ठावन्न, पायात बूट, पर्समध्ये मायक्रोमीटर. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली होती. म्हणजे लोकांनी बनवलेला भाग मापायचा, मापात असेल तर पास, नसेल तर परत. मोठे मोठे साहेब गयावया करायचे, पण मापात न बसलेला तुकडा त्यांच्या हातून कधी सुटला नाही. त्या फरशीवर बसल्या, माझे प्लग काढले, सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, "हे माझ्या रिक्षात ठेवा. आडवं नका ठेवू, उभंच ठेवा."

मला वाटलं पाण्याच्या पंपाला लावतील. घरामागच्या पत्र्याच्या शेडपाशी रिक्षा थांबली, दार उघडलं, आणि मित्रांनो, मी जे बघितलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आत विमान होतं. खरं. लाकडाच्या बारीक फासळ्यांवर ताणून बसवलेलं कापड, त्यावर रंगाचे हात, एका माणसाला बसायला जागा, आणि पंख इतके लांब की शेडची एक भिंत पाडून पुढे ताडपत्री बांधलेली. मी जन्मभर जड गोष्टी पाहिल्या. ही पहिली गोष्ट पाहिली जिचा प्रत्येक तुकडा हलका व्हावा म्हणून कुणीतरी झगडलं होतं. सहा वर्षं दीपमाला ते बांधत होत्या. त्याच्या नाकाशी एक रिकामी चौकट होती. तिथे इंजिन बसायचं होतं.

ते उडवणार होती वल्लरी, त्यांची मुलगी. एकोणतीस वर्षांची, कोथरूडच्या एका कंपनीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवायला शिकलेली. तेव्हा लक्षात ठेवा. या गोष्टीत इंजिन निवडायचं होतं ते एका आईने, आणि त्या इंजिनाच्या भरवशावर हवेत जाणार होती तिची एकुलती एक मुलगी.

निवड सोपी नव्हती. एक होतं खास विमानासाठी बनवलेलं इंजिन. परदेशी, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचं. त्याची किंमत बघून सगळे कॅटलॉग मिटायचे. दुसरं एक टू-स्ट्रोक, वजनाला अगदी हलकं, कुणीतरी वापरून विकायला काढलेलं. त्याच्यासोबत ना कागद ना इतिहास, आणि ते सुरू केलं की सबंध गल्ली दारात यायची. आणि तिसरा मी. जड, संथ, पण सुटे भाग प्रत्येक पेठेत मिळणारा.

पुण्यात सल्ला देणाऱ्यांना आमंत्रण लागत नाही. शेजारचे, पाजारचे, निवृत्त अमुक आणि माजी तमुक शेडमध्ये यायचे, विमानासोबत फोटो काढायचे आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायचे. पण सगळ्यांत धारदार जीभ घरातच होती. दीपमालांचे यजमान अनंत बँकेत हेडक्लार्क होते. ते रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे आणि पेपरातून डोकं न काढता बोलायचे.

"व्हॅनचं इंजिन लावताय ना विमानाला. मग हॉर्नही लावा. समोर घार आली तर?"

"अहो, मदत करायची नसेल तर निदान गप्प बसा," दीपमाला म्हणायच्या.

"गप्पच आहे. सहा वर्षं गप्प आहे."

त्यांचा पेपर मात्र तेवढ्या वेळात कधीच उलटला जायचा नाही. हे फक्त मला दिसायचं.

दीपमालांनी मला निवडलं. वजन मांडलं, ताकद मांडली, माझे फेरे जास्त आणि पंख्याला कमी हवेत म्हणून मधे पट्ट्याची जोडणी आखली. मग मला पूर्ण उघडलं. प्रत्येक भाग रॉकेलने धुतला, पुसला, मापला, वहीत लिहिला. माझ्या आयुष्यात इतक्या आदराने मला कुणी हात लावला नव्हता. क्रँक हातात आला तेव्हा मी जिवाच्या आकांताने वाट बघत होतो. आता त्यांना कळेल. त्यांनी नाकावर मायक्रोमीटर लावला. माप अचूक आलं. पुन्हा लावला. अचूक. खाच कोरी, धारेवर धार. इतक्या जुन्या इंजिनाची खाच इतकी कोरी कशी, हा प्रश्न कुठल्याही गॅरेजातल्या पोऱ्याला पडला असता. दीपमालांना पडला नाही. माप बरोबर आलं की प्रश्न संपला, ही त्यांची एकतीस वर्षांची सवय होती आणि त्या सवयीवर त्यांनी मान मिळवला होता. त्यांनी वहीत लिहिलं, पास.

मित्रांनो, तुम्ही कधी सगळ्यांसमोर कौतुक होत असताना आतून गार पडला आहात का? मी पडलो.

मला लोखंडी घोडीवर बसवलं, पुढे लाकडाचा पंखा लावला. पन्नास तास जागेवर चालवायचं आणि मगच विमानाला जोडायचं असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मी सुरू झालो आणि पंखा फिरला. आजवर हवा मला फक्त आत ओढायची वस्तू म्हणून माहीत होती. हवेला पकडता येतं, तिला रेटून मागे फेकता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. घोडी साखळ्यांनी जमिनीला बांधली होती आणि त्या साखळ्या ताणल्या गेल्या. मी, शेपू ओढणारा मी, पुढे जाऊ बघत होतो आणि मला जमीन लागत नव्हती. मागची ताडपत्री फाटली, अनंतांचा पेपर कंपाउंडबाहेर गेला. त्याच्यामागे न जाता ते उघडपणे पंख्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच.

पन्नास तास झाले. तोवर सरकारी परवानगीचे कागदही आले. विमान शहरापासून दोन तासांवरच्या एका खासगी धावपट्टीवर न्यायला गुरुवारचा टेम्पो ठरला. फक्त मंद चालीवर मी किंचित थरथरत होतो, म्हणून कार्बोरेटर लावून द्यायला कुणीतरी जाणता मिस्त्री हवा होता. कुणीतरी सांगितलं, एक म्हातारे मिस्त्री आता मुलाकडे हडपसरलाच राहतात, गॅरेज बंद केलंय, पण कान अजून शाबूत आहे.

सोमवारी शंभू आला, चौदा वर्षांनी.

केस पांढरे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. विमान बघून तो दारातच थांबला आणि चपला बाहेर काढून आत आला. देवळात येतात तसा. वल्लरीने मला सुरू केलं. शंभूने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जुने मिस्त्री असंच ऐकतात. मागून ऐकलं, मधून ऐकलं, मग पुढे नाकाशी आला. तिथे तो थांबला. मी तिथे फार हळू टकटकत होतो. पन्नास तासांत पंख्याच्या हादऱ्यांनी ती भराई सुटू लागली होती. शंभूने खाली वाकून माझ्या पोटावरचा नंबर बघितला, आणि नंबराखालचे दोन ठिपके. त्याचा अंगठा त्यांच्यावरून फिरला.

मग तो सरळ झाला, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, माझी थरथर थांबली. सगळे खूश. चहा आला. दीपमालांनी विचारलं, इंजिन कसं वाटतं. शंभू म्हणाला, छान बांधलंय, माप एकदम नीट आहे. चहा अर्धा ठेवून तो निघून गेला.

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत असं म्हणणार नाही. दिल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. मला विमानाच्या चौकटीत बोल्टांनी आवळलं. वल्लरी माझ्यामागच्या सीटवर बसून गुणगुणत होती. कुणाचंतरी नाव खराब होऊ नये म्हणून ही मुलगी वर जाणार आणि मी एका क्षणात बंद पडणार. तिथे ढकलायला चार माणसं कुठून आणायची?

बुधवारी सकाळी शंभू परत आला. दीपमाला टेम्पोसाठी पंख ताडपत्रीत गुंडाळत होत्या. तो उभाच राहिला.

"ताई, ह्या क्रँकचं नाक मी भरलेलं आहे."

 दीपमाला म्हणाल्या, "मी मापलंय ते. दोनदा. दोन मायक्रॉनचासुद्धा फरक नाही."

"मापात असणारच. मीच घासलंय ना."

 शंभूने सगळं सांगितलं. धोंडिबाचं नाव घेतलं, घाई सांगितली, आणि नवीन टाकला म्हणून सांगितलं हेही सांगितलं. ते सांगायची त्याला काही गरज नव्हती. नुसतं 'तपासा एकदा' म्हणाला असता तरी भागलं असतं. पण त्याने काहीच झाकलं नाही. चाळीस वर्षांचं नाव त्याने तिथे, चार माणसांसमोर, स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं. मी कितीतरी मोठी वजनं वाहिली आहेत. त्या म्हाताऱ्याने त्या सकाळी उचललं तेवढं मी कधी उचललं नाही.

"सोमवारी का नाही बोललात?" वल्लरीने विचारलं. आवाज चढला होता.

"धीर झाला नाही, बाळ."

वल्लरी आईकडे वळली. पन्नास तास चाललंय, त्याआधी कितीतरी वर्षं चाललंय, एका उड्डाणाला काय होतंय, टेम्पो उद्या आहे. सहा वर्षांची वाट त्या पोरीच्या तोंडून बोलत होती. दीपमालांनी पाना घेतला आणि मला चौकटीतून सोडवायला लागल्या.

दुपारपर्यंत क्रँक टेबलावर होता. कारखान्यात तडा शोधायची एक पद्धत असते. भागावर लाल द्रव लावायचा, पुसून टाकायचा, मग वर पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग भुकटीतून वर येतो. दीपमालांनी भुकटी फवारली आणि सगळे टेबलाभोवती उभे राहिले. नाक पांढरं शुभ्र झालं. थोडा वेळ काहीच नाही. मग खाचेच्या कोपऱ्यातून एक लाल रेघ उगवली, केसाएवढी, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू अर्ध्या नाकाभोवती फिरली.

वल्लरी खाली बसली. अनंतांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

त्या संध्याकाळी निवड पुन्हा सुरू झाली. टेम्पो रद्द केला होता. अनंत म्हणाले, कर्ज काढू, पण ते विमानाचंच इंजिन आणू. या वेळी त्यात टोमणा नव्हता. दीपमालांनी वहीचं ते पान काढलं, जिथे त्यांच्याच अक्षरात 'पास' लिहिलं होतं. मग म्हणाल्या, "अहो, त्या इंजिनाचंही मी मापच घेणार ना? ह्याची खोड तरी मला आता माहीत झाली. नवीन क्रँक घालू. पन्नास तास पुन्हा."

आणि शंभूकडे वळून म्हणाल्या, "बसवायचा तुम्ही."

"माझा हात नको आता, ताई."

"तुमचाच हवा. मी मापेन, तुम्ही ऐका. दोघांचं पटलं तर पुढे."

तसंच झालं. नवा, कोरा, कधी न भरलेला क्रँक. दर पाच तासांनी मला थांबवायचं, नाक उघडायचं, बघायचं. कुठे काही नाही असं दोघांनी म्हटल्यावरच पुढे. तीन महिने गेले. या वेळी वल्लरीनेही घाई केली नाही. दर वेळी तीही वाकून बघायची.

मग ती सकाळ आली. लांबच लांब मोकळी धावपट्टी, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, वारा जवळजवळ नाही. वल्लरीने माझा थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. चाकं खडखडली. खडखड मला ओळखीची होती, जन्मभर तीच ऐकली. आणि मित्रांनो, ती थांबली. मी बंद पडलो नव्हतो. मी पूर्ण जोरात चालत होतो, तीनही सिलिंडर पेटत होते, आणि खडखड थांबली होती. जमिनीने मला सोडलं होतं.

वरून काय दिसलं ते सांगू? ऊस दिसला, नुसता हिरवा, त्यावरून आमची सावली सरकणारी. कालवा दिसला, सूर्य त्यातून आमच्यासोबत पळत होता. एक विहीर वरून थेट आतपर्यंत दिसली, तळाला आभाळ आणि त्या आभाळात आम्ही. बगळ्यांचा एक थवा आमच्या खालून गेला. खालून. मी पक्ष्यांची पाठ पाहिली. साच्यात ओतलेल्या लोखंडाने हे बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला एकच उमगत होतं. कापडाचे पंख, लाकडाचा पंखा, ती मुलगी, सगळं माझ्या एकेका ठोक्यावर टांगलेलं आहे. मी एकही ठोका चुकवला नाही. मी चुकवणार नाही याची खात्री मला होती, कारण माझ्या आत आता लपवलेलं काही नव्हतं.

खाली अनंत टाचा उंचावून बघत होते. दीपमाला बघत नव्हत्या. त्यांनी पाठ फिरवली होती, डोळे मिटले होते आणि नुसत्या ऐकत होत्या. शेजारी शंभूही तसाच उभा होता. अकरा मिनिटांनी चाकं टेकली. मी थांबलो.

दीपमालांनी आधी शंभूलाच विचारलं, "काय ऐकलंत?"

"काही नाही," शंभू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काही म्हणजे काहीच नाही, ताई."

मग दीपमाला मुलीकडे धावल्या.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू हात जोडून सांगतात, आमची काळजी घ्या. मी हात जोडत नाही. तेल घालणं, पुसणं, दसऱ्याला हार घालणं, हे तुम्ही करताच. करा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी ब्रेक बसवेल, कुणी जिना बांधेल, कुणी औषधाची बाटली भरेल. तिथे तुमच्या हातून एखादी खोटी भराई होईल. होतेच. ती छान दिसेल, मापातही बसेल, लोक शाबासकी देतील. त्या वेळी आम्ही वस्तू काही बोलू शकत नाही. बोलायचं तुम्हालाच आहे. त्याच दिवशी बोला. नाही जमलं तर दोन दिवसांनी या, चौदा वर्षांनी या, मान खाली घालून या, पण या. कारण त्या वस्तूवर पुढे कोण बसणार आहे हे काम करताना तुम्हाला माहीत नसतं.